बांधावरच्या माणसाला विचारा

गेल्या हिवाळ्यात अलिबागजवळच्या एका मोठ्या हॉटेलात हवामान बदलावर परिसंवाद झाला. मला आमंत्रण होते. मी काही त्या विषयातला तज्ज्ञ नव्हे. थळचा एक निवृत्त शाळामास्तर. पण गावची चार माणसे घेऊन येईल आणि त्यांना इंग्रजीतले मराठीत समजावून सांगेल असा एखादा इसम संयोजकांना हवा होता, म्हणून माझी आठवण झाली. मीही गेलो. फुकटची खुर्ची आणि थंडगार सभागृह कोणाला नको असते?

समारंभाची सुरुवात कोळीनृत्याने झाली. आमच्या कोळीवाड्यातल्या सहा मुली नऊवारी नेसून, वेण्या माळून आल्या होत्या. त्या नाचल्या, टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली आणि मुली मागच्या दाराने चहा पिऊन घरी गेल्या. मग पुढचे चार तास समुद्रावर चर्चा झाली. व्यासपीठावर अकरा विद्वान होते. त्यांतल्या एकाच्याही हाताला कधी जाळ्याची गाठ लागली असेल असे दिसले नाही. त्यांच्या मागे भिंतीवर एक मोठे कापड टांगले होते आणि त्यावर लिहिले होते : ‘स्थानिक समाजाचा सहभाग’.

माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत एक सत्तरीचे तांडेल बसले होते. पडद्यावर आमच्या किनाऱ्याचा नकाशा आला. त्यावर एक निळी रेघ. तीस वर्षांनी भरतीचे पाणी इथवर येईल, असे वक्त्यांनी सांगितले. तांडेल माझ्या कानाशी लागले. म्हणाले, “मास्तर, त्यांना सांगा, पानी त्या रेघेच्या आत दोनदा येऊन गेलं. आमचे वलांडीचे बांबू घेऊन गेलं.” मी हात वर केला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि प्रश्नोत्तरांची वेळ संपल्याचे हसतमुखाने जाहीर केले. जेवण तयार होते. जेवणात पापलेट होते, आणि ते बर्फात घालून मुंबईहून आणले होते.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात तक्रारीचा सूर लावू नये हा संकेत मला ठाऊक आहे. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढू नये. पण त्या दिवसापासून हा विषय माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला आहे. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे : समुद्राचा, पाण्याचा, जंगलाचा आणि विजेचा प्रश्न निघाला की आमच्याकडून नाच घेतला जातो आणि निर्णय दुसरीकडे होतो. हे अन्यायाचे आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे हे मूर्खपणाचे आहे. आणि मूर्खपणाची किंमत शेवटी सगळ्यांनाच भरावी लागते.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले त्यांत आमची खांदेरी आहे. आनंद झाला; पेढे वाटले. पण तो किल्ला उभा कसा राहिला, हे पेढे खाणाऱ्यांना आठवले का? १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडाऱ्याने बेटावर बांधकाम काढले, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही त्याच्यावर उठले. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. आमच्या होड्या लहान. पण त्या होड्या वल्ह्यांवर चालत, वारा पडला तरी थांबत नसत आणि काळोख्या रात्री मोठ्या जहाजांच्या डोळ्यांदेखत रसद घेऊन बेटाला लागत. कोणत्या खडकावर कोणत्या भरतीला किती पाणी असते हे त्या नावाड्यांना ठाऊक होते, आणि ते कोणत्याही नकाशात नव्हते. किल्ला उभा राहिला तो दगडांवर तसा या माहितीवरही. महाराजांनी त्या नावाड्यांना नाचायला बोलावले नाही. त्यांच्यावर काम सोपवले.

आता खांदेरीकडे पाठ करून जरा आत, खारेपाटाकडे चला. अलिबाग आणि पेण तालुक्यांत धरमतरच्या खाडीकाठची ही जमीन समुद्रसपाटीला टेकलेली. कित्येक ठिकाणी भरतीच्या पाण्याहून खालची. ती देवाने दिलेली नाही. खाडीच्या चिखलातून बांध घालून आगरी-कुणब्यांच्या पूर्वजांनी ती हाताने ओढून काढली आहे. जुन्या दप्तरांत अशा जमिनीला शिलोत्री म्हणत. बांधाला उघाडी असते : ओहोटीला दार उघडते आणि पावसाचे पाणी खाडीत जाते, भरतीला दार मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. आत राता भात पिकते, जे थोडा खारेपणा सोसते. शेताच्या कडेच्या तळ्यांत जिताडा वाढतो. बांधाबाहेर तिवरांची रांग असते. ती लाटांचा मार आपल्या अंगावर घेते, म्हणून बांध टिकतो. नेदरलँड्सच्या लोकांनी हेच केले तर जग तिथे ते पाहायला जाते. पेणच्या गाडीत बसून खारेपाट पाहायला मात्र कोणी येत नाही.

आणि हा बांध राखत कोण होते? गावच राखत होते. या व्यवस्थेला आमच्याकडे जोळ म्हणतात. ज्याची जितकी जमीन त्याच्या वाट्याला तितके बांधाचे काम. बांधाला खांड गेली की रात्री-अपरात्री हाक फिरायची आणि घरटी माणूस घमेले-कुदळ घेऊन हजर व्हायचा. कारण खांड ही पुढच्या भरतीच्या आत बुजवावी लागते. पहिल्या ओहोटीला ती दहा माणसांचे काम असते. चार भरत्या आत शिरल्या की शंभर माणसांचे. आणि पावसाळाभर तशीच राहिली तर ती खांड राहत नाही, खाडी होते. हे गणित बांधावरच्या पोरालाही कळते. कचेरीतल्या फाइलीला कळत नाही. फाइलीला भरती-ओहोटी नसते.

स्वराज्य आले आणि सरकारने चांगल्या हेतूने हे काम आपल्या शिरावर घेतले. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला. १९७९ साली महाराष्ट्राने खार जमीन विकासाचा कायदा केला. यंत्रे आली, ठेकेदार आले, अंदाजपत्रके आली. बांध सरकारचा झाला आणि त्याच दिवशी तो कोणाचाच राहिला नाही. जोळ मोडली. खांड गेली की गावाने अर्ज करायचा, अर्जावर पाहणी, पाहणीवर अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावर मंजुरी. मंजुरी येईपर्यंत दोन पावसाळे सरतात आणि शेतात गुडघाभर खारे पाणी उभे असते.

खरी गंमत याच्याही पुढे आहे. खारे पाणी शेतात राहिले की तिथे तिवर उगवते. तिवर वाढले की ते कांदळवन ठरते. आणि २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला बंदी केली आहे. ती बंदी योग्यच आहे. मुंबईत भराव घालून इमारती उठवणाऱ्यांना कोणीतरी अडवायलाच हवे होते. पण आमच्या शेतकऱ्याचे काय झाले? त्याचा बांध सरकारने राखला नाही, म्हणून त्याच्या सातबाऱ्यावरच्या भातशेतीत तिवर आले. आणि आता तिवर आले म्हणून त्याला बांध घालता येत नाही. चोराने घरात शिरावे आणि पंचांनी ‘आता हे घर त्याचेच’ म्हणावे, तशातला हा न्याय. वर कोणीतरी शहरातला सद्गृहस्थ येतो आणि त्या शेतकऱ्याला तिवरांचे महत्त्व समजावून सांगतो. अहो, ज्याच्या आज्याने बांधाबाहेर तिवर राखले त्याला! बाहेर तिवर आणि आत भात ही त्याचीच मांडणी होती. आपण ती मोडली आणि आता त्याच्यापुढे ‘तिवर की भात’ असा प्रश्न टाकून बसलो आहोत.

हा शेतकरी मुका नाही, हेही लक्षात ठेवावे. याच खारेपाटातल्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. उपाशी राहिले पण वाकले नाहीत. देशात कुळकायदा आला त्याच्या पायात या संपाचा दगड आहे. अशा माणसांच्या वारसांना आपण ‘जनजागृती’ची पत्रके वाटतो.

पाण्याचे सांगू? पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी सिडकोच्या शहरांना जाते. जावो, तिथेही माणसेच राहतात. पण त्याच तालुक्यातल्या वाशी-शिर्कीकडच्या खारेपाटाने वर्षानुवर्षे टँकरकडे डोळे लावून उन्हाळे काढले. धरण डोळ्यांपुढे आणि हंडा डोक्यावर! पाणी अडवायला गाव जवळचे आणि पाणी वाटायला शहर जवळचे, हा भूगोल शाळेत शिकवताना माझी जीभ अडखळत असे.

विजेची कथा तर याहून जुनी आहे. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द आज नवा वाटतो, पण आमच्या जिल्ह्यात ती शंभर वर्षांपूर्वीच आली. १९१५ साली खोपोलीला सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निघू लागली, १९२२ साली भिवपुरीला, १९२७ साली भिऱ्याला. कोळसा नाही, धूर नाही. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे बुडाले. मावळ्यांना विचारले कोणी? विचारले नाही, म्हणून १९२१ साली सत्याग्रह करावा लागला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. सत्याग्रह हरला, धरण झाले. आणि ज्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून विजेच्या तारा मुंबईला गेल्या, त्या वाड्यांत कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत राहिली. वीज स्वच्छ होती. व्यवहार स्वच्छ नव्हता.

आज पुन्हा तोच काळ आला आहे. सूर्यापासून वीज घ्यायची आहे, आणि ती घेतलीच पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ती घ्यायची रीत पाहा. आमच्या डोंगराकडच्या एका आदिवासी वाडीत काही वर्षांपूर्वी सौर दिवे लागले. नारळ फुटला, फीत कापली, मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या पावसाळ्यात दिवे मालवले. मी चौकशी केली तेव्हा वाडीतला एक तरुण म्हणाला, “गुरुजी, पेटीतली बॅटरी मेली. नवी कुठं मिळते, कोन बसवतो, आमाला कुनी सांगितलंच नाय. पेटीला कुलूप हाय. किल्ली साहेबाकडं.” त्या एका वाक्यात आपल्या सगळ्या योजनांचे सार आले. दिवा वाडीचा आणि किल्ली साहेबांकडे! तो तरुण वीटभट्टीच्या मालकाच्या ट्रॅक्टरचे इंजिन सोडून पुन्हा जोडतो. त्याला बॅटरी बदलता आली नसती? पण त्याला शिकवण्याची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. फीत कापण्याची होती.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही गावच्या लोकांना फार डोक्यावर घेता. सगळे शहाणपण काय कोळीवाड्यातच साठले आहे? नाही हो, मुळीच नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आले. त्याचा इशारा वेधशाळेने दिला, आकाशातल्या उपग्रहांनी दिला. कोणा तांडेलाच्या गुडघेदुखीने दिला नाही. इशारा वेळेवर मिळाला म्हणून होड्या वर ओढल्या गेल्या, माणसे पक्क्या घरांत हलवली गेली. शास्त्राचे हे ऋण मी मान्य करतो. अरबी समुद्र तापतो आहे आणि वादळे जोर धरत आहेत हे मोजमापाने सिद्ध झालेले आहे, त्यात गावठी मताला जागा नाही. पण तो इशारा ऐकल्यावर कोणती होडी कोणत्या ओढ्यात घालायची, कोणाचे म्हातारे कोणत्या खोपटात एकटे आहे, वादळाचा मार कोणत्या बाजूने बसेल, हे उपग्रहाला कसे कळावे? ते गावाने केले. दोन डोळे लागतात. आपण एक फोडून टाकून दुसऱ्याला चष्मा लावत बसलो आहोत.

आमच्यातही दोष आहेत. ते मी झाकणार नाही. बारीक आसाची जाळी टाकून पिलासकट समुद्र खरवडणारे आमच्याच जातीचे आहेत. दिव्यांच्या झगमगाटात मासळी ओढण्यावर २०१७ साली बंदी आली तरी रात्री समुद्रावर उजेड दिसतो, तो भुतांचा नव्हे. खारेपाटातल्या जमिनी दलालांना विकून मोटार घेणारे आमचेच भाऊबंद आहेत. म्हणून मी गावाला देव म्हणत नाही. पण एक गोष्ट पाहा : जोपर्यंत समुद्र आमचा होता तोपर्यंत नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही हा दंडक आम्हीच पाळत होतो. आता पावसाळी मासेमारीबंदी सरकारी आदेशाने येते आणि लोक तीत पळवाट शोधतात. हक्क काढून घेतला की जबाबदारीही त्याच्या मागोमाग जाते. माणूस भाड्याच्या घराला रंग देत नाही.

आणि हक्क परत दिला तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा या गोंडांच्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव जंगल विकून खाईल अशी भीती घालणारे पुष्कळ होते. गावाने बांबू विकला, पण ग्रामसभेत बसून, हिशेब मांडून. आणि जंगल राखले. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याच्या आदिवासींनी चैत्राम पवार यांच्याबरोबर उजाड डोंगर पुन्हा हिरवे केले, पाणी अडवले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे साठवले. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. पुरस्कार देताना आपण हात आखडत नाही. अधिकार देतानाच हात का थरथरतात?

आमच्या जिल्ह्याला तर जंगलाच्या हक्काची किंमत रक्ताने ठाऊक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आठ जण पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा एक होता. जंगल आपले आहे असे म्हणण्यासाठी त्याने प्राण दिला. त्याच्या जातभाईंना आज विटा थापायला जिल्हाभर हिंडावे लागते आणि जंगलाविषयीच्या बैठकीत त्यांचे नाव ‘लाभार्थी’ या सदरात येते.

सरकारी यादीत कोण आदिवासी आणि कोण नाही या वादात मी शिरत नाही. किनाऱ्यावरचा कोळी, खारेपाटातला आगरी, डोंगरातला ठाकूर-कातकरी, ज्याचे पोट त्या त्या पाण्यावर आणि मातीवर आहे तो तिथला जाणता. २०१५ च्या पॅरिस करारातही लिहिले आहे की, बदलत्या हवामानाशी जुळवून घेताना शास्त्राबरोबर मूळ रहिवाशांच्या पिढीजात ज्ञानाचाही आधार घ्यावा. आपल्या देशाने त्यावर सही केली आहे. पॅरिसला मान्य केलेले पेणला मान्य करायला काय हरकत आहे?

नुसती टीका करून मोकळा होणारा मी नव्हे. माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, बांधाच्या दुरुस्तीचा पैसा थेट गावाच्या जोळीकडे द्या. इंजिनिअर साहेबांनी सल्ला द्यावा, हिशेब तपासावा. पण खांड बुजवायला मंजुरीची वाट पाहावी लागू नये. दुसरी, ज्या तालुक्यात धरण त्या तालुक्याच्या हंड्याचा पहिला हक्क. नळ शहराकडे वळवायचा तो त्यानंतर. तिसरी, गायरानावर सौर प्रकल्प उभारायचा असेल तर ग्रामसभेला उत्पन्नात कायमचा वाटा द्या, गावची चार पोरे त्या कामात तयार करा आणि पेटीची किल्ली त्यांच्या हाती ठेवा. आणि चौथी, सर्वांत स्वस्त : किनाऱ्याविषयीची बैठक किनाऱ्यावर घ्या, मराठीत घ्या, आणि भांगाच्या दिवसांत घ्या. उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हा डोलकर समुद्रात असतो. बैठकीची तारीख ठरवताना एवढे ज्याने विचारले, तो पुढचेही विचारील.

शेवटी थोडे तुमच्याशी. २०२० पासून मांडव्याला मोटारीसकट बोट येऊ लागली आणि मुंबईची मंडळी आमच्याकडे अधिक येऊ लागली. या, आनंद आहे. दिवाळीच्या सुटीतही याल. पण बंगल्याच्या हिरवळीसाठी जी विंधणविहीर खोल खोल जाते, तिने गोडे पाणी उपसले की खाली समुद्र सरकतो आणि शेजारच्या आजीची विहीर खारी होते. हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल. ती आजी सांगेल, तुम्ही तिला विचाराल तर. कुंपणापलीकडेच राहते. फराळाचे ताट घेऊन जा आणि ओसरीवर बसा.

ते तांडेल अजून रोज संध्याकाळी किनाऱ्यावर येतात. गेल्या उधाणाला पाणी कुठवर आले, तिथे त्यांनी एक बांबू रोवला आहे. त्याआधीच्या उधाणाचा एक, त्याच्याआधीचा एक. तीन बांबू एका ओळीत उभे आहेत, आणि प्रत्येक नवा बांबू घरांच्या अधिक जवळ आहे. परिसंवादातल्या अकरा विद्वानांपैकी एकही अजून ते पाहायला आलेला नाही. अंतर हॉटेलपासून फार नाही. चालत येता येते.